कांचनची पाठ

आमच्या पॅसेजमध्ये माझ्या बायकोच्या पाठीचा फोटो लावलेला आहे. लोक बायकोचा फोटो लावतात तो समोरून. लग्नातला, नाहीतर काश्मीरला शिकाऱ्यात बसलेला. आमच्याकडे पाठ. काळापांढरा फोटो आहे. चार बायका जेवायला बसावं तशा मांडी घालून आपल्याकडे तोंड करून बसल्यात आणि पाचवी, मधोमध, पाठ फिरवून. अंबाडा, खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, बस. ती पाचवी म्हणजे कांचन. नवा पाहुणा हमखास विचारतो, "यातल्या वहिनी कोणत्या?" मी म्हणतो, "ज्या रुसल्यात त्या."

हा विनोद मी तीसेक वर्षं करतोय आणि कांचनला तो एकदाही आवडलेला नाही. पण तिनं पाठ का फिरवली होती हे तिनंही मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. बायको एकदा पाठ फिरवून बसली की कारण विचारू नये, एवढं शहाणपण मला लग्नानंतर लवकरच आलं होतं.

आम्ही मूळचे मिरजेचे. रेल्वेतल्या नोकरीनं मला लखनौला आणून टाकलं तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत बदली घेऊन परत जाऊ. ते राहिलंच. जानकीपुरमला घर झालं, इथंच निवृत्त झालो, आणि आता मिरजेला गेलो की चहात साखर जास्त वाटते. आमची श्रुती लहान असताना तिला कथकला घातलं. लखनौत राहून कथक नाही म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा नाही, असं माझं म्हणणं. श्रुतीनं वर्षभरात "मुझे नहीं करना" असं जाहीर केलं. तेव्हापासून ती आमच्या मराठीला हिंदीतच उत्तरं देते, पण तो वेगळा विषय.

गंमत अशी की मुलगी थांबली आणि आई जात राहिली. चारबागजवळ रेल्वेच्या एका जुन्या हॉलमध्ये मधुमतीजींचा क्लास असे. मुली आत नाचायच्या आणि त्यांच्या आया भिंतीशी सतरंजीवर बसून मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या, पेंगायच्या. मी कांचनला विचारलं, "आता तू कशाला जातेस तिथे?"

"बसायला," ती म्हणाली.

ते शब्दशः खरं होतं. मधुमतीजी कथकमध्ये नाव कमावलेल्या बाई. पण गिरक्या घेऊन घेऊन त्यांना कंटाळा आला होता बहुतेक. एके दिवशी त्या मुलींना सोडून आयांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आप लोग जैसे उठती-बैठती हैं, मेरी एक भी लड़की वैसे नहीं उठती-बैठती." आणि भिंतीशी बसलेल्यांपैकी पाचजणींना उठवून त्यांनी एक नाच बसवला. नाव ठेवलं 'अब तुम बैठो'.

त्याला नाच म्हणायचं का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तबला नाही, घुंगरू नाही, गाणं नाही. पाच बायका साध्या सुती साड्या नेसून येतात. वाकतात, समोर काहीतरी वाढल्यासारखं करतात, सरळ होतात, जातात. पुन्हा येतात. कधी एकच येते, कधी पाचही. मधेच एखादी थांबते, कुणी हाक मारली का ऐकते आणि पुन्हा वाकते. अर्धा तास हेच. शेवटी एकेक करून पाचही जणी जेवायला बसतात तशा खाली बसतात. आणि बसून राहतात. संपलं.

पहिल्या प्रयोगाला लोक आले होते भरपूर, कारण मधुमतीजींचं नाव. एक शेरवानीवाले बुजुर्ग बराच वेळ वाट बघून अदबीनं उठले आणि म्हणाले, "मोहतरमा, रक़्स कब शुरू होगा?" म्हणजे नाच कधी सुरू होणार? मधुमतीजी विंगेतून म्हणाल्या, "बस ख़त्म ही होने वाला है, जनाब." मी पहिल्या रांगेत होतो. शेवटी चार बायका आमच्याकडे तोंड करून बसल्या. माझी मात्र पाठ करून बसली. ऑफिसातले दोघे मला कोपरानं ढोसत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. कुणीतरी लिहिलं होतं, सबंध नाच त्या एका पाठीत आहे. आणखी काही प्रयोग झाले, मग बायकांच्या नवऱ्यांच्या बदल्या सुरू झाल्या आणि नाच मोडला. कांचननं साडी घडी करून ठेवली आणि पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या थंडीत विभाचा फोन आला. विभा मधुमतीजींची भाची. मावशी गेल्यावर क्लास तीच चालवते. तिला तो नाच पुन्हा उभा करायचा होता. जुन्या व्हिडिओ कॅसेटला बुरशी लागून ती बाद झालेली. पाचजणींपैकी दोघी वारलेल्या, दोघी मुलांकडे दूरदेशी आणि अंथरुणाला खिळलेल्या. राहिली एकटी कांचन.

"मौसी, अब जो है, आप ही के पास है," विभा म्हणाली. "और बीच वाली जगह आपकी. पीठ तो आपकी ही चाहिए."

कांचन हो म्हणाली. मला वाटलं, खूश होईल. पण रात्रीची भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "अहो, मला आठवेल ना?"

हा प्रश्न नाचाचा नव्हता, मला कळलं. कांचनची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरत गेली होती. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग घरचा रस्ता. शेवटी शेवटी कांचन मिरजेला गेली की त्या तिला विचारायच्या, "आपण कुणाकडच्या?" अगदी आदरानं. कांचन सांगायची, आणि मग मागच्या अंगणात जाऊन रडायची. आणि गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे दोनदा दूध करपलं होतं. मी त्यावर विनोद केला नव्हता, यावरून काय ते समजा.

पण नाच तिला आठवत होता. मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, ती एकटीच सगळं करायची. वाकायची, उठायची, थांबायची. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण पाऊल कुठं अडखळेना. शेवटी बसायची तेव्हा चेहऱ्यावर अशी शांतता की मी जिन्यातच थांबायचो. चहा झालाय हे सांगायचं राहून जायचं.

तालमी जानकीपुरममध्येच एका सामुदायिक केंद्राच्या हॉलमध्ये होत्या. प्रयोगही तिथेच व्हायचा होता. नवीन हॉल, चकाचक फरशी आणि बर्फासारखा गारठा. प्रेक्षकांच्या जागी बसून मी मफलर गुंडाळून काकडत असायचो. बाहेर इतकं छान ऊन आणि आत त्याचा एक कवडसा येईल तर शपथ. मी विभाला तसं बोललोही. ती म्हणाली, "मौसाजी, आप बाहर धूप में बैठ जाइए न." म्हणजे माझी पीडा टाळायची सोय.

चार तरुण मुली आणि कांचन. कांचन त्यांना शिकवायची तेव्हा सगळं सुरळीत चाले. वाकताना कंबर नाही, आधी नजर वाकते, वगैरे. पण सलग नाच करायची वेळ आली आणि शेवटी बसायचा क्षण आला, की चूक. चौघी प्रेक्षकांकडे तोंड करून बसत आणि कांचनही त्यांच्याबरोबर इकडेच तोंड करून बसे. शांतपणे, अगदी खात्रीनं, समोर माझ्याकडे बघत.

"मौसी, पीठ," विभा म्हणायची. "पीठ इधर."

"अरे हाँ," म्हणून कांचन फिरायची. पण फिरून बसली की अवघडल्यासारखी दिसे, पाव्हण्यांच्या घरी चुकीच्या खोलीत शिरल्यासारखी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुली एकमेकींकडे बघत होत्या. पुढच्या तालमीलाही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. ज्या एका पाठीसाठी तिला बोलावलं होतं, तीच तिला सापडेना.

आम्ही ई-रिक्षातून घरी आलो. गेटपाशी उतरून ती म्हणाली, "मला वाटतं मी बरोबर बसलेय. हेच वाईट आहे. आईलाही नेहमी वाटायचं, तीच बरोबर आहे."

मी म्हणालो, "काहीतरीच काय." आणि डॉक्टरांची वेळ घेतली. अशा तपासणीचा एक दवाखाना गोमतीनगरला आहे. कांचननं विभाला फोन करून सांगितलं, माझ्या जागी दुसरी बघ. फोन ठेवल्यावर तिनं पॅसेजमधला फोटो काढून कपाटामागे ठेवला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

विभा ऐकणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात उभी. हातात रेवड्यांचा पुडा. आपल्याकडे दुपारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायची पद्धत नाही, मग ते माणूस आपल्याला रडवायला का आलेलं असेना. कांचननं पानं मांडली. आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीवर कायम वर्तमानपत्रांची रद्दी असते. मी समजायचो, रद्दीला जागा नाही म्हणून. विभानं लखनवी तत्परतेनं ती रद्दी उचलून खाली ठेवली आणि त्याच खुर्चीवर बसली.

"तिथे नको," कांचन म्हणाली. "विभा, उधर मत बैठो. इधर आ जाओ."

"क्यों मौसी?"

"वो दक्षिण है. मुँह दक्षिण को होता है. तुम्हारे पापा हैं ना अभी?"

"हाँ, हैं."

"तो फिर? वडील हयात असताना दक्षिणेकडे तोंड करून जेवत नाहीत." घाईत कांचनला हिंदी सुचेना. "उठो पहले."

विभा हसत उठली. "हमारी दादी भी यही कहती थीं."

कांचनच्या हातात पोळी होती. ती तशीच राहिली. तिनं त्या खुर्चीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "चारबागच्या हॉलमध्ये लोक कुठे बसायचे?"

"कुठे म्हणजे? समोर."

"समोर म्हणजे कुठल्या दिशेला?"

त्या हॉलची डागडुजी काही वर्षं माझ्याकडे होती. थंडीतल्या दुपारी लोकांच्या पाठीमागच्या खिडक्यांतून ऊन यायचं. सगळे मागच्या खुर्च्या पकडायचे, पाठ शेकायला. थंडीत ऊन येतं ती खिडकी दक्षिणेची. "दक्षिणेला," मी म्हणालो.

"आणि इथं, केंद्राच्या हॉलमध्ये?"

मी तोंड उघडलं आणि मला माझा मफलर आठवला. इथं लोकांच्या पाठीमागच्या खिडक्यांतून कवडसासुद्धा येत नाही. "उत्तरेला," मी म्हणालो. "इथं लोक उत्तरेला बसतात."

कांचन खुर्चीत बसली. पोळी ताटात ठेवली. आणि मग ती आधी हसायला लागली आणि नंतर रडायला, की दोन्ही एकदम, मला सांगता येत नाही.

हळूहळू तिनं सांगितलं. तो नाच बसवला त्या वर्षी तात्यांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेला होता. मधुमतीजी म्हणाल्या, पाचही जणी लोकांकडे तोंड करून जेवायला बसल्यासारख्या बसा. लोक दक्षिणेला. कांचनचं शरीर तिकडे तोंड करून पानावर बसेचना. पान नव्हतं, जेवण नव्हतं, नुसतं नाटक. तरी बसेना. ती फिरली आणि उत्तरेकडे तोंड करून बसली. पाठ लोकांना.

"माझा तसा विश्वास नव्हता हो," ती म्हणाली. "पण तात्यांवर प्रयोग कशाला?"

मधुमतीजींनी कारण विचारलं तेव्हा हसतील म्हणून तिनं एवढंच सांगितलं, "मुझसे ऐसे ही होगा." त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तो ऐसे ही रहने दो."

विभानं कपाळाला हात लावला. "मौसी! मैंने ब्रोशर में लिखवा दिया है कि ये पीठ मर्दों की नज़र से इनकार है. छप भी गया."

"तर असू दे की," कांचन डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्याकडे बघायची मला कुठे हौस होती?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगतो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. माझी बायको काहीही विसरली नव्हती. उलट इतकं पक्कं लक्षात होतं तिच्या अंगाला की हॉल फिरला तरी ती फिरली नाही. मी उठून कपाटामागचा फोटो काढला आणि पहिल्या खिळ्याला लावला. मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

डॉक्टरांकडे तरीही गेलो. वेळ घेतलेली होती, आणि मी इंजिनिअर आहे, एक तपासणी जास्त झाली तर पूल पडत नाही. डॉक्टरांनी कांचनला तीन शब्द सांगितले, गुलाब, चाबी, पतंग, आणि थोड्या वेळानं विचारीन म्हणाले. बाजूला बसून मीही पाठ करत होतो. त्यांनी विचारलं तेव्हा कांचननं तिन्ही धडाधड सांगितले. मला गुलाब आणि पतंग आठवत होते. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतकं विसरणं चालतं, गॅसपाशी उभं असताना फोनवर बोलत जाऊ नका. बाहेर आलो तर स्कूटरची चाबी स्कूटरलाच लटकत होती. कांचन काही बोलली नाही. त्याहून बोलली असती तर बरं झालं असतं.

आता प्रश्न उरला नाचाचा. विभानं तालमीत सगळं सांगितलं. मुली आधी खो खो हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण कांचननं जर उत्तरेकडेच तोंड ठेवलं तर ती लोकांसमोर येणार, आणि मग ती पाठ कुणाची? दुसऱ्या कुणीतरी दक्षिणेकडे तोंड करून बसायला हवं. कांचन म्हणाली, "मैं बैठती हूँ. मेरे तो अब तात्या भी नहीं रहे." तिनं बसूनही बघितलं. पण अंग ऐकेना. तात्या जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती तरी.

मुली एकमेकींना विचारायला लागल्या, तुम्हारे पापा हैं? तिघींचे होते. थट्टा चालली होती, पण कुणी पुढे होईना. मग गरिमा नावाची एक मुलगी बोलली. बख्शी का तालाबहून रोज टेंपो बदलत यायची, फारसं बोलायची नाही.

"मैं बैठ जाऊँगी उधर," ती म्हणाली. "मेरे पापा नहीं हैं. दो साल हुए."

कांचन उठली, तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून तिला मधल्या जागी आणलं. स्वतः आधी खाली बसली, आणि मग तिला बसवलं. दोघी समोरासमोर, एकीचं तोंड उत्तरेला, एकीचं दक्षिणेला. गरिमानं उजवा हात समोर ठेवला, पानापाशी ठेवतात तसा. तिची पाठ थरथरत होती. ती शिकवून येण्यासारखी गोष्ट नव्हती. विभा फक्त म्हणाली, "ऐसे ही रहने दो."

प्रयोग दुपारी ठेवला होता, मधुमतीजींच्या रीतीप्रमाणे, खिडक्या उघड्या, दिवे नाहीत. श्रुती दिल्लीहून आली होती. माझ्या शेजारी बसून कानात म्हणाली, "बाबा, हॉल कितना ठंडा है." मी म्हणालो, "उत्तर आहे." तिला काही कळलं नाही.

बायका आल्या, वाकल्या, सरळ झाल्या, गेल्या. या वेळी कुणी विचारलं नाही नाच कधी सुरू होणार. शेवट आला. तिघी बसल्या. गरिमा पाठ करून बसली. सगळ्यात शेवटी कांचन, तिच्या समोर, आमच्याकडे तोंड करून.

मी तिला इतक्या वर्षांपूर्वी याच नाचात पाहिलं होतं आणि तिचा चेहरा मला दिसलाच नव्हता. आता दिसत होता. शांत, अगदी कोरा. ती लोकांवरून नजर फिरवत होती, पहिल्या रांगेवरून, आणि नजर कुठेच थांबत नव्हती. श्रुतीवरूनही ती तशीच सरकली. असा चेहरा मी मिरजेला पाहिला होता, माझ्या सासूबाईंचा, "आपण कुणाकडच्या?" विचारताना.

मग तिची नजर माझ्यापाशी आली आणि थांबली. मी मफलरमध्ये गुरफटून, खुर्चीत घसरून, पाय पसरून बसलो होतो. कांचनची डावी भुवई जराशी वर गेली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. गेल्या चाळीस वर्षांत लग्नाकार्यात, साहेबांच्या घरी, श्रुतीच्या शाळेत ती भुवई मी शेकडो वेळा पाहिलेली आहे. तिचा अर्थ एकच असतो. नीट बसा.

मी नीट बसलो.